खिळ्यावरचा फडका

दिवाळी संपते, डब्यातल्या शंकरपाळ्या संपतात आणि तळाशी चुरा उरतो. तो कोणी मुद्दाम साठवलेला नसतो. किस्से माझ्याकडे तसेच साठले. माणसं गेली, ओटाही गेला. डबा उलटा करून ठोकला की अजून थोडं काहीतरी पडतं.

परवा एक तरुण प्राध्यापक घरी आले होते. म्हणाले, "सर, व्यंगचित्रात एखाद्या जमातीला ठरावीक साच्यातच काढलं, तर त्या लोकांनी हसावं की रागवावं? राग रास्त केव्हा म्हणायचा?"

मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो. उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं. म्हटलं, विचार करून सांगतो. ते चहा पिऊन गेले, मी अजून विचारच करतो आहे. उत्तर काही सापडत नाही. आठवतो तो आमच्या नंदुरबारच्या वाचनालयाचा ओटा, ओट्यावरचा काळा फळा आणि फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला फडका.

* * *

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. बाजाराच्या दिवशी नंदुरबारला आसपासची सगळी गावं लोटायची. रनाळ्यासारख्या मोठ्या गावांतून बैलगाड्या यायच्या, सातपुड्यातून डोक्यावर मोळ्या आणि मधाची भांडी घेऊन माणसं यायची. वाचता येणारे थोडे. म्हणून वाचनालयाच्या ओट्यावर दोन गोष्टी व्हायच्या. कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, आणि फळ्यावर रंगीत खडूने एक चित्र असायचं.

चित्र काढायचे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर शंकरराव. ते कोल्हापूरकडचे. हात फार सफाईचा, पण पाच साच्यांत चालायचा. शेठ म्हटला की पोट आणि पगडी. पाटील म्हटला की मिशी. वकील म्हटला की काळा कोट आणि कावळ्याचं नाक. साहेब म्हटला की हॅट, पाइप आणि लाल नाक. मास्तर म्हटला की शेंडी आणि बगलेत छत्री. या पाचांना फिरवून फिरवून मास्तर जगातल्या सगळ्या घडामोडी दाखवायचे.

लवकरच तक्रारी यायला लागल्या. वाचनालयाचे प्रेसिडेंट होते दादासाहेब वकील. त्यांना तक्रारीपेक्षा नियम जास्त आवडायचा. त्यांनी नियम केला आणि फळ्याच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतला: "ज्यास लागेल त्याने बाजार उठण्याआधी स्वतः येऊन पुसावे. फक्त आपले चित्र पुसावे." खाली खिळा ठोकला आणि जुन्या धोतराचा एक चांगला हातभर फडका टांगला.

महिनाभर एकही माणूस पुसायला आला नाही.

"पाहिलंत?" दादासाहेब म्हणाले. "कोणालाच लागत नाही. नुसती कुरकुर असते."

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. भर बाजारात फडका उचलायचा म्हणजे 'हे पोट माझंच' असं चारचौघांत कबूल करायचं. पण दादासाहेबांना हे कसं सांगावं याचा विचार करण्यात माझा तो महिना गेला.

* * *

पहिली खरी तक्रार आली ती हस्तीमल शेठची. त्यांचं कापडाचं दुकान वाचनालयासमोरच होतं. जैन माणूस, उपास फार करायचे. अंगाने इतके बारीक की गादीवर बसले तर तक्क्याच जास्त दिसायचा.

ते ओट्यावर आले, चित्राकडे बघितलं, सदऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, पोट कुठे आहे माझं? दाखवा."

शंकरराव घाबरले. "शेठजी, मी तुम्हाला काढलेलं नाही. हा आपला कोणीही शेठ."

"तेच तर दुखतं!" हस्तीमल म्हणाले. "परगावचं गिऱ्हाईक दुकानात येतं, माझ्याकडे बघतं आणि विचारतं, शेठ कधी येणार? मी म्हणतो, मीच शेठ. ते म्हणतं, मस्करी नको भाऊ, आम्ही थांबतो."

दादासाहेबांनी फडक्याकडे बोट दाखवलं.

"हा मी नाही, मग पुसू कसा? तुमचा नियमच आहे ना, फक्त आपलं पुसायचं."

दादासाहेब चौकटीवरचा नियम पुन्हा वाचायला लागले. हस्तीमल शेठ गेले. दिवाळीनंतर त्यांनी मारवाडातून आपला मेहुणा बोलावून घेतला. तो एकटा तीन माणसांएवढा होता. तो पगडी घालून नुसता गादीवर बसायचा. हिशेब, माप, भाव सगळं हस्तीमलच करायचे, बाजूला उभे राहून.

एकदा मी विचारलं, "कसं चाललंय शेठजी?"

"छान," ते म्हणाले. "आता लोक मला नोकर समजून खरं बोलतात."

* * *

रनाळ्याचे आबा पाटील आमच्या ओट्याचे मानाचे सभासद. वाचता यायचं, पण वाचायचे नाहीत. म्हणायचे, इतके लोक वाचतात तर मी कशाला डोळे फोडू. मिशी खरोखरच चित्रातल्यासारखी होती, किंबहुना चित्रातली थोडी कमीच पडायची.

एका बाजाराला ते तडक ओट्यावर चढले, फडका उचलला आणि फळ्यापाशी गेले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. नियम झाल्यापासून फडका पहिल्यांदाच कोणाच्या हातात आला होता. शंकररावांनी खडूची डबी उचलून बगलेत घेतली.

पण त्या दिवशी फळ्यावर पाटील नव्हताच. शेठ होता, साहेब होता, वकील होता. आबांनी उजवीकडचा रिकामा कोपरा नीट, आडवा उभा, स्वच्छ पुसला.

"आबा, तिथे तर काहीच नाही," मी म्हटलं.

"आठे मी ऱ्हातू," आबा त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले. "कितला बाजार हुई ग्यात, फळावर मी नही. मंग माले लागावं नही का?"

पुढच्या बाजारी मिशी आली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

* * *

नियम करणाऱ्या माणसाला नियम लागतोच. एकदा शंकररावांनी कोर्टाच्या पायरीवर बसलेला काळ्या कोटातला कावळा काढला. खाली दोन माणसं एका भाकरीवरून भांडत होती आणि कावळा म्हणत होता, "आपसात मिटवू नका, मी आहे."

दादासाहेब हसले. आमच्याबरोबर मोठ्याने हसले. मग घरी गेले आणि थोड्या वेळाने त्यांचा कारकून आला.

"दादासाहेबांच्या वतीने पुसायला सांगितलंय," तो म्हणाला.

आबा पाटलांनी हरकत घेतली. चौकटीवर 'स्वतः' असं लिहिलेलं होतं. पुसलं जातंय का ते बघायला दादासाहेबच मागोमाग आले आणि त्यांनी उभ्या उभ्या युक्तिवाद केला. अशिलाच्या वतीने वकील उभा राहतो, तर वकिलाच्या वतीने कारकून का नाही? वगैरे.

"मंग लागनं कोनले?" आबांनी विचारलं. "तुमले का कारकूनले?"

"मला," दादासाहेब म्हणाले. "पण पुसणार तो."

कारकुनाने फडका घेतला. तो चित्रासमोर उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं पुसतोय. मग त्याने फडका परत खिळ्याला अडकवला आणि दादासाहेबांकडे न बघता म्हणाला, "साहेब, हात होत नाही. फार हुबेहूब आहे."

त्याची नोकरी टिकली, हे दादासाहेबांच्या मोठेपणाबद्दल सांगायलाच हवं.

* * *

प्रांतसाहेबांचा दौरा अचानक आला. इंग्रज होते. बाजार बघत बघत घोड्यावरून वाचनालयापाशी उतरले, आणि त्या दिवशी फळ्यावर नेमका साहेब होता. हॅट, पाइप, आणि नाक तर शंकररावांनी दोनदा लाल केलेलं.

शंकरराव कपाटामागे गेले. मी, खोटं कशाला सांगू, छत्री शोधत होतो, पाऊस नव्हता. कोणीतरी कुजबुजलं, पुसा, पटकन पुसा. पण दादासाहेब फळ्यासमोर खांबासारखे उभे राहिले. "ज्याला लागेल त्यानंच पुसायचं. साहेब असला म्हणून नियम बदलत नाही." असं धैर्य मी त्यांच्यात पुन्हा पाहिलं नाही. बहुधा कपाटामागे दुसऱ्याला जागा नव्हती, म्हणून ते हलले नसतील. पण मी उगाच शंका काढतो.

साहेबांनी फडका कशाला म्हणून विचारलं. मी इंग्रजीत नियम सांगितला. ते खूप हसले. मग फडका घेतला, फक्त पाइप पुसला आणि म्हणाले, "हा मी सोडला. डॉक्टरने बंद केलाय. नाक राहू दे."

गावात त्या नाकाचं कौतुक किती दिवस चाललं होतं! केवढं मोठं मन, म्हणे. विनोद घ्यावा तर साहेबानेच. मीही वर्गात सांगितलं की अपमान हा घेणाऱ्यावर असतो, आणि मनाचा मोठेपणा म्हणजे काय त्याचं हे उदाहरण.

ओट्यावर तेच चाललं होतं तेव्हा आबा पाटील तंबाखू मळत म्हणाले, "त्यानं काय जास? पुसं तरी तो साहेब, नही पुसं तरी तो साहेब."

वर्गात सांगितलेलं परत घ्यावं की काय, याचा मी पुष्कळ विचार केला.

* * *

आता माझी पाळी. एका बाजाराला फळ्यावर शेंडीवाला मास्तर आला. बगलेत छत्री, एक पाय रस्त्यावर, एक पाय ओट्यावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की घरातून निघताना कुलूप लावलं की नाही. ओट्यावर मला सगळे प्रोफेसर म्हणायचे, मी नसताना. आणि कुलूप तपासायला मी त्या आठवड्यात खरोखर परत गेलो होतो.

मी फडका हातात घेतला. मग वाटलं, हा मीच कशावरून? शेंडी तर शंकरराव सगळ्याच मास्तरांना काढतात. पुसलं तर मी चिडखोर ठरेन. नाही पुसलं तर विद्यार्थी कुलूप कुलूप म्हणून ओरडतील. शिवाय मला खरंच लागलंय का? लागलं असेल तर ते चित्र खोटं आहे म्हणून, की खरं आहे म्हणून? खोटं असेल तर लागायचं कारण नाही. खरं असेल तर तक्रारीचं कारण नाही. मग माणसाला लागतं तरी कशाने?

मी एक पाय ओट्यावर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभा होतो. आबा पाटील आधी चित्राकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे बघत होते.

एवढ्यात बाजारातून सुटलेली एक म्हैस ओट्याला लागून आली. तिने फळ्याच्या कडेला मान लावली, मग पाठ लावली आणि सावकाश, समाधानाने, खालून वरपर्यंत अंग घासलं. शेंडी, छत्री, कुलपाची काळजी, सगळं तिच्या पाठीवर गेलं.

म्हैस निघून गेली. मग आबा म्हणाले, "म्हशीले लागनं व्हई, प्रोफेसर."

* * *

सहावा साचा कसा आला ते सांगतो.

सातपुड्यात मोटारीचा रस्ता होणार अशी बातमी होती. चित्र ठरलं: मोटार येते आणि भिल्ल पळतो. शंकरराव इतकी वर्षं नंदुरबारात राहिले, पण शहाद्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. दर बाजाराला शेकडो भिल्ल त्यांच्या फळ्यासमोरून जायचे. पांढरी पागोटी, अंगात बंडी, हातात चांदीचं कडं. पण चित्र काढायची वेळ आली तेव्हा शंकररावांनी समोर बघितलं नाही. ते आत गेले आणि विलायती साप्ताहिकांचा जुना गठ्ठा काढला. त्यात जंगली माणसाचं एक चित्र होतं. गवताचा घागरा, सुपाएवढे ओठ, बटाट्यासारखे डोळे आणि केसांत खोचलेलं हाड. तो मुळात आफ्रिकेतला म्हणून काढलेला. काढणाऱ्या विलायती माणसानेही आफ्रिका पाहिली नसावी. तोच शंकररावांनी फळ्यावर उतरवला आणि हातात धनुष्य दिलं.

बाजारात डोंगरातली माणसं फळ्यासमोर जमली. एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "हाऊ कोन शे?"

"भिल्ल," शंकरराव म्हणाले.

म्हाताऱ्याने जवळ जाऊन पाहिलं. "कोनता गावना?"

"गाव नाही. असाच, भिल्ल."

"आमनाकडला नही," म्हातारा म्हणाला. त्याने बरोबरच्या म्हातारीला पुढे बोलावलं. तिनेही नीट पाहिलं. दोघांचं आपल्या बोलीत काही बोलणं झालं. मग तो शंकररावांकडे वळला. चेहरा कळवळलेला होता. "घर जळी गयं व्हई बिचारानं. आंगवर कपडा नही. डोकं बी फिरेल दिखस, हाड खोसेल शे."

जाताना त्या बाईने फळ्याखाली मूठभर चारोळी ठेवली.

दादासाहेब खूश झाले. "सबंध बाजार बघून गेला, कोणालाही लागलं नाही. म्हणजे चित्र निर्दोष." नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. तेव्हापासून हाडवाला फळ्यावर वरचेवर यायला लागला.

चारोळी आम्ही खाल्ली. मला ती गिळायला जरा जड गेली, पण मला बरंच काही जड जातं.

* * *

आणि मग वळवी मास्तर.

ते चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावरचे. भिल्ल. मिशनच्या शाळेत शिकून, ट्रेनिंग करून आमच्या शाळेत लागले. काळा कोट, स्वच्छ धोतर, बोलणं हळू. बाजारच्या दिवशी वर्तमानपत्र वाचायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. एकेक बातमी ते मराठीत वाचायचे, मग अहिराणीत सांगायचे, मग डोंगरातल्या बोलीत. आधी ओट्याखाली दहापाच माणसं असायची. वळवी आल्यावर रस्ता बंद व्हायला लागला. हिटलर डोंगरातल्या बोलीत काय बोलतो ते ऐकायला आबा पाटीलसुद्धा थांबायचे, एक अक्षर कळत नसताना.

एक दिवस शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "सर, माझ्या तासाला फळ्यावर रोज एक हाड काढलेलं असतं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"मी पुसतो आणि शिकवायला लागतो," ते म्हणाले. "वर्ग हसतो, मीही हसतो. पण आता पाठमोरा झालो की कान मागेच असतात. गणित चुकतं. असं शिकवता येत नाही सर. आमच्या गावच्या शाळेत जागा आहे. बाजाराच्या दिवशी सुरतेकडच्या सकाळच्या गाडीने जाईन म्हणतो."

मी संध्याकाळी त्यांना घेऊन ओट्यावर गेलो. सगळे होते. शंकररावांनी ऐकलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"अहो वळवी, मी तुम्हाला काढलेलं नाही हो! तुम्ही कोट घालता."

"मग कोणाला काढलंय?"

"भिल्लाला."

"मी भिल्लच आहे, मास्तर."

"पण तुम्ही तसे नाही."

"तसा कोण आहे?"

शंकररावांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दादासाहेब घसा साफ करून म्हणाले, "लागलं असेल तर फडका आहे. पण पुसलंत तर ते चित्र तुमचं ठरेल, एवढं लक्षात घ्या. मग पोरं काय म्हणतील?"

"माहीत आहे," वळवी म्हणाले.

मी त्यांच्या बाजूने बोलणार होतो. मुद्दे मनात जुळवत होतो. ते जुळेपर्यंत वळवी घरी गेले होते.

बाजाराचा दिवस उजाडला. पौषातली थंडी, तोंडातून वाफ निघत होती. शंकररावांनी चित्र पहाटेच काढून ठेवलं होतं. विषय थंडीचाच, आणि पाचही साचे हजर. शेठने पोटावरून शाल घेतलेली. पाटलाच्या मिशीपर्यंत घोंगडी. साहेबाचा ओव्हरकोट. वकिलाच्या चोचीला मफलर. मास्तर छत्री उघडून तिच्या आत बसलेला. आणि कडेला, हातभर उंचीचा, गवताच्या घागऱ्यातला हाडवाला. शंकररावांचा हेतू वाईट नव्हता. हात सवयीने चालला, असं ते नंतर म्हणाले. मला ते खरं वाटतं.

वळवी मास्तर आले ते ट्रंक आणि वळकटी घेऊन. ओट्यावर ट्रंक ठेवली. खाली बाजार भरला होता. आमच्या शाळेचा अर्धा वर्ग पुढेच बसला होता, आणि त्यांना सगळं माहीत होतं. तो पागोटेवाला म्हातारा आणि त्याची म्हातारीही गर्दीत होती.

वळवींनी फळा बघितला आणि फडका उचलला.

पोरांनी माना उंचावल्या. दादासाहेब उभे राहिले. "वळवी, विचार करा. पुसलंत म्हणजे तुमचं."

वळवींनी फडका दोनदा झटकला. खडूचा ढग उडाला. मग बाकावरच्या शंकररावांच्या डबीतून दोन ड्रॉइंग पिना घेतल्या आणि फडका त्या चित्राच्या खांद्यांवर टोचून लावला. गळ्यापासून पायापर्यंत तो झाकला गेला. वर फक्त तोंड आणि हाड. त्यांनी फडक्याची कड जरा सारखी केली.

"पुसत नाही, दादासाहेब," ते म्हणाले. "हा माझ्या ओळखीचा नाही. पण कोणी का असेना, थंडी आहे."

आणि ट्रंकेशेजारी बसून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

खाली म्हातारीने मान डोलावली. तिच्या मते हे फार आधीच व्हायला हवं होतं. पोरांतलं एक हसायला गेलं आणि आबा पाटलांनी नुसतं वळून बघितल्यावर थांबलं. वळवींनी पहिली बातमी मराठीत वाचली, मग अहिराणीत सांगितली. आवाज नेहमीसारखा होता.

शंकरराव फळ्याकडे बघत होते. पाच साचे कपड्यांत, आणि सहाव्याच्या अंगावर खरा कपडा. ते उठले, फळ्यापाशी गेले आणि फडका काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," म्हातारी खालून ओरडली. "उघडा पडी जाई तो."

शंकररावांनी हात मागे घेतला. मग त्यांनी आपल्या कोटाची बाही तळव्यापर्यंत ओढली, तो हात फडक्याखाली सरकवला आणि आतून पुसायला सुरुवात केली. घागरा, धनुष्य, मग वरचं तोंड, ओठ, शेवटी हाड. बाही कोपरापर्यंत खडूने माखली.

"मास्तर, मास्तर!" दादासाहेब म्हणाले. "नियम काय आहे? ज्याला लागलं त्यानंच पुसायचं."

शंकररावांनी मागे वळून पाहिलं नाही. "मग मी दुसरं काय करतोय, दादासाहेब?"

स्टेशनावर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली. वळवी मास्तरांनी ट्रंक जवळ ओढली, तिच्यावर पाय ठेवले आणि पान उलटलं.